कार्डांमागचे शेरे

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज चष्मा घरी विसरल्याचं खोटं सांगितलं. चष्मा शर्टाच्या खिशात होता.

नव्या संगणक प्रणालीचं प्रशिक्षण होतं. वाचनालयातले आम्ही नऊजण, संदर्भ विभागातलं लांब टेबल आणि शिकवायला आलेली माझ्या मुलीच्या वयाची बाई. तिने एकेकाला पुढे बोलावून माऊस हातात दिला. माझी पाळी आली तेव्हा पडद्यावरचा बाण कुठे गेला तेच मला कळेना. मी माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि पुढे जागाच नाही म्हणून थांबलो. ती म्हणाली, "काका, उचला आणि परत मागे ठेवा." सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. एकतीस वर्षं ज्या माणसाला विचारल्याशिवाय इथलं पान हललं नाही, त्याने माऊस उचलावा कसा हे विचारायचं!

मग चष्म्याची थाप मारून जागेवर येऊन बसलो आणि उरलेला वेळ समोरच्या कपाटातल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक मनातल्या मनात म्हणत राहिलो. एकही चुकला नाही. शेवटी ती काहीतरी महत्त्वाचं सांगत असावी, कारण धाकटी भराभर लिहून घेत होती.

धाकटी म्हणजे देवघेवीच्या टेबलावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी. कामावर सगळ्यात लहान, म्हणून मीच ठेवलेलं नाव. वर्षाच्या करारावर आहे, नोव्हेंबरात मुदत संपते. करार वाढेल, न वाढायला काय झालं? पोरगी कामाला चोख आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रत्येकाला आपापलं खातं आणि पासवर्ड मिळाला. मी तीनदा टाकला, तिन्ही वेळा चुकला आणि खातं बंद पडलं. आता ते ग्रंथपालांकडे जाऊन उघडून घ्यावं लागतं म्हणे. हे साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कालच त्यांच्यासमोर शोभा झाली, आज पुन्हा जाऊन "साहेब, माझं कुलूप उघडून द्या" म्हणायचं? मी नुसताच पडद्याकडे बघत बसलो.

धाकटीच्या लक्षात आलं. हळूच म्हणाली, "सर, तोवर माझ्या नावावरून करा. साहेबांना वेळ असला की तुमचं उघडून घेऊ." आपला पासवर्ड तिने मला चिठ्ठीवर लिहून दिला नाही, स्वतः टाकून दिला. मला कळला असता तर मी तो दुसऱ्या दिवशी पाचजणांना विचारला असता, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

कामं वाटली. पुस्तकांच्या नोंदी धाकटीकडे, जुन्या सभासदांची कार्डं माझ्याकडे. चारशे बारा कार्डं आहेत. एका बोटाने टाइप करतो. धाकटी दहाही बोटांनी करते आणि वर माझ्याशी बोलते.

मात्र एक गोष्ट बघून जीव सुखावला. नाव, पत्ता, फोन असे रकाने भरत खाली आलो तर शेवटी एक चौकोन, त्यावर लिहिलंय "शेरा". म्हणजे हे यंत्र करणाऱ्यांत कुणीतरी वाचनालयात काम केलेला माणूस आहे!

आमच्याकडे फार जुनी पद्धत आहे. सभासदाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला देवघेववाला पेन्सिलीने दोन शब्द लिहून ठेवतो. पुढे टेबलावर दुसरा कुणी बसला तर त्याला माणूस कळावा म्हणून. "पानं दुमडतो." "रहस्यकथा मागेल, पण रक्त नको असतं." "भिजलेलं पुस्तक आणलं, पाऊस म्हणाला, त्या दिवशी कडक ऊन होतं." असे शेरे. गेल्या एकतीस वर्षांतले बहुतेक माझ्या अक्षरात. सभासदाला कार्डाची पुढचीच बाजू दिसते, मागची आमची. मी ठरवलं, कार्ड भरायचं तर पुढून मागून पूर्ण भरायचं. अर्धवट काम मला जमत नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

चारशे बारा झाली! शेवटचं कार्ड वकिलांचं. "जाडजूड पुस्तकं नेतो. खुणेची दोरी जिथे असते तिथेच परत येते." टाइप करताना मलाच हसू फुटलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, पंचावन्नाव्या वर्षी शिकले." मान खाली घातली, पण आतून फुगलो होतो. माझं खातं अजून बंदच आहे आणि रोज सकाळी धाकटीच मला तिच्या नावाने आत सोडते, हे मी काही बोललो नाही. ती पण नाही बोलली. घरी हिला ही बातमी आणि वकिलांची दोरी सांगितली. ही म्हणाली, "सगळं स्वतः केलंत?" म्हटलं, "मग कोण करणार?" खोटं नव्हतं ते, पण पोळीचा घास उगाच रेंगाळला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

प्रणाली सुरू झाली. आता सभासदाला घरबसल्या फोनवर आपलं खातं बघता येतं. कोणतं पुस्तक घेतलंय, कधी परत करायचंय, सगळं. साहेबांनी सगळ्यांना संदेश पाठवला. दिवसभर तुरळक गर्दी होती. मी दोन पुस्तकं संगणकावर दिली आणि एक घेतलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

शेरे सभासदांना दिसतात.

तो चौकोन आमच्यासाठी नव्हताच. वाचनालयाने सभासदाला काही कळवायचं असेल तर तिथे लिहायचं. तुमचं पुस्तक आलं आहे, येऊन घेऊन जा, वगैरे. प्रशिक्षणाच्या शेवटी ती बाई हेच सांगत होती. तेव्हा मी दाखल क्रमांक म्हणत बसलो होतो.

सकाळी दार उघडायच्या आधी वकील पायऱ्यांवर. फोन माझ्या नाकासमोर धरला. "दोरी बघता तुम्ही आमची? दोरी?" त्यांच्या मागे केस कापायचं दुकान चालवणारे आमचे एक सभासद. ते मात्र खुशीत होते, कारण त्यांच्या कार्डावर "पुस्तकाला जिवापाड जपतो, नवीन आलं की आधी याला" असं आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "त्या मुलीला आमचा नमस्कार सांगा."

कुठली मुलगी, मला कळलं नाही. मग वकिलांनी फोन पुन्हा पुढे केला. शेऱ्याच्या खाली बारीक अक्षरात नोंद करणाऱ्याचं नाव येतं. सगळीकडे धाकटीचं नाव.

धाकटी आली. तिने पडदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तासाभरात चारशे बारा शेरे पुसले. तोवर किती घरांत वाचले गेले, कुणास ठाऊक. मी शेजारी उभा राहून "पाणी आणू का" विचारलं. ती "नको सर" म्हणाली.

संध्याकाळी साहेबांना सांगू असं ठरवलं होतं. ते लवकर गेले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

बाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. गेली वीस वर्षं आठवड्यातून तीनदा येतात. त्यांच्या कार्डामागे मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, "विसरतात. तेच पुस्तक तिसऱ्यांदा नेलं. सांगू नये, नेऊ द्यावं." मला तो शेरा माझ्या सगळ्या शेऱ्यांत चांगला वाटायचा. खरंच वाटायचा. माणुसकीचा वाटायचा.

परवाच सुनेने फोनवर खातं उघडून दिलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आता मुलगा त्यांना एकटीला बाहेर सोडत नाही. आज सून सोबत आली होती. बाई टेबलाशी उभ्या राहून धाकटीला बोलल्या. वर्गात बोलतात तशा, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तू कोण मला नेऊ देणारी? माझी कीव करायला ठेवलंय तुला इथे?"

मी आत कपाटांच्या ओळीत होतो. आवाज आला पण शब्द कळले नाहीत, असं लिहिणार होतो. शब्द कळत होते. मी लावलेली पुस्तकं काढली आणि पुन्हा लावली. धाकटी म्हणाली, "चुकलं बाई, माफ करा." पुस्तकांच्या फटीतून तिचे जोडलेले हात दिसले. मी बाहेर गेलो नाही. त्या गेल्यावर पाच मिनिटांनी गेलो आणि विचारलं, "काय झालं गं?"

हे मी विचारलं. मला माहीत असताना विचारलं.

शनिवार, १ नोव्हेंबर

साहेबांनी धाकटीकडून लेखी खुलासा मागितला. तिने एकच ओळ लिहून दिली, "सदर नोंदी माझ्या लॉगिनवरून झाल्या आहेत." साहेबांनी मला दाखवली. मी वाचली, घडी घातली, परत दिली. म्हणालो, "मुलगी चांगली आहे हो."

तिने बरोबरच लिहिलं, खोटं एक अक्षर नाही. दुसऱ्याला पासवर्ड देणं नियमाबाहेर आहे, माझं नाव घेतलं तर तीही अडकणार, म्हणून गप्प असेल. तिच्या दृष्टीनेही तेच सोयीचं असेल. पंधरा तारखेला समिती बसते, त्यात तिच्या कराराचा विषय आहे. पण वर्षभराचं काम बघतील की नाही? एका चुकीवर कुणी कुणाला काढत नाही.

परवापासून ती सकाळी मला तिच्या नावाने आत सोडत नाही. मीही मागितलं नाही. हाताने रजिस्टरात लिहितो आणि ती नंतर भरून घेते. दोघं अगदी नीट बोलतो, एवढंच की ती आधी डब्यातलं थोडं माझ्या झाकणात काढून ठेवायची, ते बंद झालंय. डाएट वगैरे करत असेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही तिचे वरिष्ठ. तिच्याबद्दल तुमचं मत लिहून द्या, समितीपुढे ठेवतो."

हीच संधी होती, हे मला खुर्चीत बसल्याबसल्या कळत होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "उद्या देतो."

घरी बसून चांगलं दीड पान लिहिलं. शब्द सुचत गेले. कामसू, नम्र, वाचकप्रिय. शेवटी लिहिलं, "झालेली चूक अननुभवातून झाली आहे. तिचं वय बघता एक वेळ माफ करावं, ही विनंती." वाचून मलाच गहिवरून आलं. वाटलं, याच्याने तिचं नक्की भलं होईल. हिला वाचायला दिलं.

हिने वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाली, "माफ करावं? कशाबद्दल?"

मी म्हटलं, "अगं, शेऱ्यांबद्दल."

"ते तर तुम्ही लिहिलेत ना? शेवटचं कार्ड झालं तेव्हा वकिलाची दोरी सांगून हसला होतात इथे बसून."

मी म्हटलं, माझी तीन वर्षं राहिलीत, ती तरुण आहे, मी इतकी वर्षं जपलेलं नाव आहे. खूप बोललो. ही ऐकत होती. मग म्हणाली, "आपली मुलगी असती तिच्या जागी, तर तुम्ही त्या माणसाला काय म्हणाला असता?" आणि उठून कपडे घडी करायला गेली. मी काय म्हणालो असतो ते मला लगेच ऐकू आलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तरीही पत्र दिलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जेवण जात नाही. ही ताट वाढते, मी बसतो, उठतो. ही काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाईंच्या घरी गेलो. तिसरा मजला, जिन्यात दोनदा थांबलो. दार सुनेने उघडलं. वाचनालयातून आलोय म्हटल्यावर म्हणाली, "त्या मुलीच्या वतीने आलात का? तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो." मी चपला काढत होतो. काढतच राहिलो.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर वर्तमानपत्र. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी म्हटलं, "बाई, ते मी लिहिलं होतं."

त्यांनी मांडीवरचं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मी विसरते. मला माहीत आहे. घरी पण थोडं माहीत होतं, पण लपवता येत होतं. मला वाटायचं, निदान तिथे कुणाला कळलेलं नाही. तिथे मी आपली पूर्वीसारखी येते, पूर्वीसारखी जाते. आणि तुम्ही सगळे मला सांभाळून घेत होतात."

मी म्हटलं, चांगल्या मनाने लिहिलं होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "मग ती मुलगी हात का जोडत होती?"

मी खिडकीकडे बघितलं.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"आत. कपाटांमागे."

"तिला जाऊन सांगितलंत नंतर?"

"नाही."

"वरच्यांना?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी का आलात?"

पाच प्रश्न, आणि सगळ्या पोरांसमोर बाकावर उभं केल्यासारखं झालं मला. खरं उत्तर हे की त्यांच्याकडे येणं सगळ्यात सोपं होतं. त्या माझं काही बिघडवू शकत नव्हत्या, आणि कदाचित, हे लिहितोच आता, कदाचित त्या विसरूनही जातील असं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात होतं. सून चहा घेऊन आली. मी उभ्यानेच घेतला, जीभ भाजली, आणि निघालो.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज सांगणार होतो. साहेबांकडे पाहुणे होते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज पाहुणे नव्हते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्या समिती. सकाळी साडेदहाला साहेबांच्या दारावर टकटक केली आणि बसायच्या आधीच म्हणून टाकलं, "साहेब, माझं खातं उघडून द्या."

"कधीपासून बंद आहे?"

"सात ऑक्टोबरपासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग चारशे कार्डं कुठून भरलीत?"

म्हटलं, तेच सांगायला आलोय. सगळं सांगितलं. चष्म्यापासून सांगितलं. कपाटांमागचंही सांगितलं. तिने पासवर्ड आपण होऊन दिला नाही, मीच मागे लागून तिला टाकायला लावला, असं म्हणालो. हे खोटं होतं. पण या महिनाभरात बोललेल्या खोट्यांपैकी हे एकच बोलताना लाज वाटली नाही.

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला अंदाज होता. 'सांगू नये, नेऊ द्यावं' असं काही ती पोरगी लिहायची नाही. पण बघा, तिची मुदत तशीही संपतेच आहे. तिला दुसरीकडे कुठेही लागेल. तुमची तीन वर्षं राहिलीत. मिटतंय ते मिटू द्या ना."

आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हे लिहून ठेवलंच पाहिजे. एक क्षण, पुरता एक क्षण, मला बरं वाटलं. सांगून झालं, आणि वर काही होणारही नाही! खुर्चीच्या पाठीला टेकलोसुद्धा. मग दाराच्या काचेतून टेबल दिसलं. धाकटी कुणाला तरी पुस्तक शोधून देत होती आणि तो माणूस तिच्याशी तुटक बोलत होता. शेऱ्यांतलाच कुणीतरी असणार. ती मान हलवत होती.

मी म्हटलं, "नाही साहेब. मिटत नाहीये. खातं उघडून द्या, मला सगळ्या सभासदांना कळवायचंय."

"तुम्हाला येतं का ते?"

"नाही."

त्यांनी खातं उघडलं आणि संदेश पाठवायची जागा दाखवली. दाखवताना एकदाही हसले नाहीत. मी धाकटीच्या टेबलापासून लांब, संदर्भ विभागातल्या संगणकावर बसलो. दोन तास लागले. दोनदा सगळं पुसलं गेलं. शेवटी असं लिहिलं:

"आपल्या खात्यावर दिसलेले शेरे मी लिहिले होते. एकतीस वर्षं लिहीत होतो आणि ते आपल्याला कधी दिसणार नाहीत असं समजत होतो. खाली माझ्या सहकारी मुलीचं नाव आलं, कारण मी माझं खातं न वापरता तिचं वापरलं. तिने एकही शेरा लिहिलेला नाही. कुणी तिला बोललं असेल तर ते मला बोलायला हवं होतं. मी तेव्हा पुढे आलो नाही, याची मला लाज वाटते. देवघेव विभाग, सकाळी नऊ ते पाच, मी तिथेच असतो."

बटण दाबलं. पलीकडे टेबलावर धाकटीचा फोन वाजला, तीही सभासद आहेच. तिने वाचलं. फोन उलटा ठेवला आणि समोरच्या माणसाचं पुस्तक नोंदवलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

समितीने तिचा करार वाढवला. माझ्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली, पहिलीच. वकील आले, दोरीवरून दोन वाक्यं ऐकवली आणि नवीन जाड पुस्तक घेऊन गेले. ती वाक्यं माझी होती, मी ऐकून घेतली.

दुपारी धाकटी पत्र घेऊन माझ्यासमोर बसली. मला वाटलं कराराचं पत्र दाखवायला आणलंय. म्हटलं, "अभिनंदन गं." तिने पत्र माझ्यापुढे सरकवलं. स्टेशनजवळच्या शाखेत बदली मिळावी म्हणून तिने अर्ज दिला होता आणि साहेबांनी मंजूर केला होता.

मी म्हटलं, "आता तर सगळं नीट झालं ना? मी सगळ्यांना कळवलं."

"हो सर. वाचलं मी."

"मग?"

ती दाराकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, तुम्ही आज सांगाल. मग वाटलं, उद्या सांगाल. बाई बोलल्या तेव्हा तुम्ही आत होतात, मला तुमचे पाय दिसत होते खालून. तेव्हाही वाटलं, आता येतील. सतरा दिवस, सर. मी रविवार पण मोजले." मग म्हणाली, "तुमचं माफीचं पत्र समितीच्या फाइलमध्ये होतं. अननुभव लिहिलंय त्यात. साहेबांनी काढून टाकलं, पण मी आधीच वाचलं होतं."

मी बदलीचं पत्र तिच्याकडे परत सरकवलं. तिने मला लॉगिनचं, पुस्तक परत घ्यायचं, राखून ठेवायचं असं सगळं एका वहीत पायरीपायरीने लिहून दिलं. मोठ्या अक्षरात. वही माझ्या टेबलावर ठेवली आणि आपला डबा, पाण्याची बाटली, स्वेटर पिशवीत भरला. दारापर्यंत सोडायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या सर, टेबलावर कुणी नाहीये."

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरोबर केलं तिने." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जेवून घ्या."

गुरुवार, २० नोव्हेंबर

टेबलावर एकटा आहे. वही उघडी ठेवून काम करतो. लोक थांबतात, कुणी घाई करत नाही, आणि तेच जास्त लागतं.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. सून खाली गाडी लावत होती, त्या एकट्याच वर आल्या. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "ती मुलगी कुठे गेली हो? मी तिला नको नको ते बोलले. सून म्हणते, ते लिहिणारा दुसराच कुणी होता. तिची माफी मागायला आलेय."

दुसराच कुणी. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलेलं त्यांना आठवत नव्हतं. खिडकी, वर्तमानपत्र, ते पाच प्रश्न, सगळं पुसलं गेलं होतं.

मी म्हणालो, "तिची बदली झाली."

"अगंबाई. चांगल्या जागी झाली का?"

"हो. मोठी शाखा आहे."

"बरं झालं," म्हणाल्या आणि वळल्या. जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. मी त्यांची पाठ बघत होतो. माझ्यासमोर वही उघडी होती. टेबल सोडून गेलो, तिसऱ्या पायरीवर त्यांना गाठलं.

"बाई, बदली झाली नाही. तिने मागून घेतली. माझ्यामुळे. ते शेरे मी लिहिले होते आणि तुम्ही तिला बोललात तेव्हा मी आत लपलो होतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "हे तुम्ही मला आधी सांगितलं होतं का?"

खोटं बोलायला वाव होता. "हो. तुमच्या घरी येऊन."

"विसरले मी," त्या म्हणाल्या. रागाने नाही, लाजूनही नाही. "परत विसरेन. परत येईन आणि परत विचारेन, ती मुलगी कुठे गेली म्हणून. तेव्हा परत सांगाल?"

"सांगेन."

"बदली झाली म्हणून नाही ना सांगणार?"

"नाही."

त्या उतरत गेल्या. सुनेचा आवाज खालून आला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बाई आल्या होत्या. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "ती मुलगी दिसत नाही?"

त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगितलं.